‘धर्म सोड’ एवढं सांगून भागत नाही : मॉर्मन घरातला समलिंगी मुलगा आणि आपण



जो धर्म माणसाला माणूस मानत नाही त्याला लाथ मारावी, हे आपल्याला वेगळं शिकवावं लागत नाही. 1935 साली येवल्यात बाबासाहेबांनी घोषणा केली आणि 1956 साली नागपुरात ती खरी करून दाखवली. त्यामुळे जगात कुठेही कुणी स्वतःच्या धर्मात गुदमरतोय असं ऐकलं की आपल्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, “मग सोडत का नाही?” अमेरिकेत मॉर्मन घरांत जन्मलेल्या समलिंगी पुरुषांचा विषय निघाला की आपले कार्यकर्ते हेच विचारतात. चर्च इतका अपमान करतं, तरी ही माणसं त्याच्या दारात अजून कशाला उभी? मला हा प्रश्न अर्धवट वाटतो. का, ते सविस्तर सांगतो.

येवला ते नागपूर या प्रवासाला एकवीस वर्षं लागली. दीक्षा घेतली तेव्हा लाखो माणसं सोबत होती. म्हातारी आजी होती, बाप होता, अख्खी वस्ती होती. घरातले जुने देव विसर्जित झाले ते घरातल्या सगळ्यांच्या हातांनी. आपल्या पोराला शाळेत, पाणवठ्यावर, बाजारात अपमान गिळावा लागला तरी संध्याकाळी तो ज्या घरात परतायचा, तिथल्या माणसांनीही तोच अपमान गिळलेला असायचा. आईला काही समजावून सांगावं लागत नसे. समलिंगी मुलाची गोष्ट इथेच वेगळी होते. तो प्रत्येक घरात एकटा जन्मतो. त्याची वस्ती नसते, त्याचा वाडा नसतो. त्याच्यावर पहिला नियम लादणारी माणसं ही त्याच्यावर सगळ्यात जास्त जीव लावणारी माणसं असतात. मग ‘सोड’ म्हणजे नेमकं काय सोड? धर्म, की आई?

मॉर्मन धर्मात हा प्रश्न जितका धारदार होतो तितका फार थोड्या ठिकाणी होत असेल. थोडक्यात माहिती देतो. 1830 साली जोसेफ स्मिथने न्यूयॉर्क राज्यात हा पंथ स्थापन केला. अधिकृत नाव ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’. 1844 साली स्मिथचा जमावाने खून केला. मग ब्रिगम यंगच्या मागे लोक पश्चिमेला निघाले आणि 1847 मध्ये आजच्या युटा राज्यातल्या सॉल्ट लेकच्या खोऱ्यात वसले. आज जगभरात त्यांचे 1 कोटी 70 लाखांहून जास्त सभासद आहेत. 2018 मध्ये बंगळुरूत मंदिर बांधण्याचीही घोषणा झाली.

इतर ख्रिस्ती पंथांत लग्न मरेपर्यंत असतं. मॉर्मनांचं लग्न मेल्यावरही टिकतं. त्यांच्या मंदिरात ‘सीलिंग’ नावाचा विधी होतो. त्यात नवरा-बायको, आईबाप आणि मुलं अनंतकाळासाठी एकमेकांशी जोडली जातात. स्वर्गाचे तीन स्तर आहेत आणि सगळ्यात वरच्या पायरीवर पोहोचायचं तर स्त्री आणि पुरुषाचं असं लग्न हवंच. या मंदिरात कुणालाही शिरता येत नाही. धर्माधिकाऱ्यांनी चौकशी करून दिलेला परवाना लागतो. परवाना नसेल तर सख्ख्या मुलाच्या मंदिरातल्या लग्नालाही आईबापांना बाहेर बसावं लागतं. काळारामाच्या दारात 1930 साली उभं राहिलेल्यांच्या नातवंडांना यातली मेख लगेच कळेल.

आता त्या घरातल्या तेरा-चौदा वर्षांच्या पोराच्या जागी बसून बघा. त्याला कळतं की त्याचं मन मुलींकडे जात नाही. लहानपणापासून त्याने ऐकलेलं असतं की कुटुंब हाच मोक्ष. म्हणजे त्याने आपलं प्रेम निवडलं तर फक्त त्याचा स्वर्ग जात नाही, आईच्या अनंत कुटुंबातली एक जागा रिकामी होते. ही आई लोक काय म्हणतील म्हणून रडते असं समजू नका. ती मनापासून मानते की मुलगा मेल्यावर आपल्याला भेटणार नाही. अशा बाईला ‘अंधश्रद्ध’ म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण त्या पोराला तिच्याच हातचं जेवायचं असतं.

युटामध्ये तुमची मंडळी तुमच्या घराच्या पत्त्यावरून ठरते. शेजारी, वर्गशिक्षक, आईच्या मैत्रिणी, सगळे एकाच चर्चमध्ये. तिथला बिशप पगारी पुजारी नसतो. गल्लीतलाच कुणी दंतवैद्य, कुणी दुकानदार काही वर्षं ते काम बघतो. तोच पोरांना खोलीत एकटं बसवून त्यांच्या लैंगिक ‘शुद्धते’ची चौकशी करतो. मुलाने मागितलं तर दुसऱ्या मोठ्या माणसाला सोबत बसू द्यावं, ही स्पष्ट सूचना यायला 2018 साल उजाडलं. अठराव्या वर्षानंतर मुलाने दोन वर्षं धर्मप्रसाराला जाणं अपेक्षित असतं आणि ती दोन वर्षं दुसऱ्या एका तरुणाच्या सोबत चोवीस तास काढायची असतात. या योजनेतला विनोद चर्चच्या ध्यानात आलेला दिसत नाही.

आणि रविवार. दर रविवारी ब्रेडचे तुकडे आणि पाण्याचे छोटे पेले ट्रेमधून बाकाबाकावर फिरतात. हा त्यांचा पवित्र प्रसाद. ज्याच्यावर धर्मशिस्तीची कारवाई सुरू आहे त्याला तो घेता येत नाही. ट्रे हातात येतो आणि तसाच पुढच्याच्या हातात द्यायचा. शेजारी आई बसलेली, मागे अख्खा मोहल्ला. एका घोटभर पाण्यात काय काय मावतं हे चवदार तळ्याच्या वारसांना मी काय सांगणार! फरक आहे, आणि तो विसरू नये. त्याच्या हाताने ते पाणी बाटत नाही, ट्रे तोच पुढे करतो. पण त्याने प्यायलं नाही हे बाकावरच्या प्रत्येकाला दिसतं, आणि ते दिसावं अशीच ती रचना आहे.

या पोरांवर काय काय उपाय झाले ते वाचलं की हात थरथरतात. 1969 साली चर्चचे एक ज्येष्ठ धर्मगुरू स्पेन्सर किंबॉल यांनी ‘द मिरॅकल ऑफ फर्गिव्हनेस’ हे पुस्तक लिहिलं. समलैंगिकता हे घोर पाप आहे आणि प्रयत्नाने ते बरं होतं, असा त्याचा सूर. पिढ्यान् पिढ्या बिशप हे पुस्तक पोरांच्या हातात देत राहिले. चर्चच्याच ब्रिगम यंग विद्यापीठात 1970 च्या दशकात समलिंगी पुरुषांना चित्रं दाखवून विजेचे झटके देण्याचे प्रयोग झाले. त्यावर 1976 मध्ये पीएच.डी.चा प्रबंधही सादर झाला. म्हणजे छळावर पदवी मिळाली.

दुसरा उपाय जास्त सोज्वळ होता, म्हणून जास्त घातक. लग्न कर, सगळं ठीक होईल. हा सल्ला आपल्याकडे कुठल्याही गल्लीत फुकट मिळतो, तिथे तो धर्मगुरूंकडून मिळायचा. अखेर 1987 मध्ये गॉर्डन हिंक्ली यांनी जाहीर भाषणात सांगितलं की लग्नाकडे अशा उपचाराचं पाऊल म्हणून बघू नका. तोवर कितीतरी संसार उभे राहून कोसळले होते.

कॅरोल लिन पिअरसन ही मॉर्मन कवयित्री. तिचं आणि जेराल्ड पिअरसनचं लग्न 1966 मध्ये सॉल्ट लेकच्या मंदिरात झालं, अनंतकाळासाठी. चार मुलं झाली. जेराल्ड समलिंगी होता. दोघांनी जीव तोडून संसार टिकवायचा प्रयत्न केला, शेवटी 1978 मध्ये घटस्फोट झाला. पुढे जेराल्डला एड्स झाला. त्या काळात एड्सच्या रोग्याला दवाखान्यातले लोकही हात लावायला घाबरत. कॅरोल लिनने त्याला आपल्या घरी आणलं, त्याची सेवा केली. 1984 मध्ये तो तिच्याच घरी वारला. 1986 मध्ये तिने ‘गुडबाय, आय लव्ह यू’ या पुस्तकात हे सगळं लिहिलं आणि मॉर्मन घरांत पहिल्यांदा हा विषय मोठ्या आवाजात बोलला गेला.

लोक ही गोष्ट प्रेमाची म्हणून सांगतात. आहेच ती प्रेमाची. पण मला त्यात आणखी एक हिशेब दिसतो. पुरुषाला ‘बरं’ करण्यासाठी धर्माने एक बाई औषध म्हणून वापरली. तिच्या तारुण्याची, तिच्या शरीराची, तिच्या मनाची किंमत कुणी विचारली? स्त्रीदास्याबद्दल बोलताना आपण ‘हिंदू कोड बिल’ म्हणतो आणि थांबतो. समलिंगी पुरुषाला जबरदस्तीने बोहल्यावर चढवणं हेही स्त्रीदास्यच आहे. त्यात दोन माणसं मारली जातात आणि दुसऱ्या माणसाची मोजदाद कुणी करत नाही.

2000 च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियात बत्तीस वर्षांच्या एका समलिंगी मॉर्मन तरुणाने चर्चच्याच इमारतीपाशी जीव दिला. राज्यात तेव्हा समलिंगी लग्नाविरोधी मतदानाचा प्रचार तापला होता आणि त्यात चर्च उतरलं होतं. आयुष्यभर त्याने नियम पाळले होते, प्रार्थना केल्या होत्या. आठ वर्षांनी, 2008 मध्ये, ‘प्रपोझिशन 8’ आलं. जूनमध्ये चर्चचं पत्र कॅलिफोर्नियातल्या मंडळ्यांमध्ये वाचून दाखवलं गेलं की सभासदांनी वेळ आणि पैसा द्यावा. ज्या बाकावर समलिंगी मुलगा बसलेला, त्याच बाकावर त्याच्या बापाने त्याच्याविरुद्ध वर्गणी द्यावी, असं हे पत्र होतं. ते मतदान सुमारे 52 टक्क्यांनी जिंकलं गेलं.

मग 2015. जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी लग्नाला देशभर मान्यता दिली. नोव्हेंबरमध्ये चर्चचा नियम बाहेर आला : समलिंगी लग्न करणारे धर्मद्रोही. त्यांच्या घरातल्या मुलांना अठरा वर्षांचं होईपर्यंत बाप्तिस्मा नाही, आणि त्यानंतरही हवा असेल तर आईबापांचं घर सोडा आणि त्यांच्या अशा सहजीवनाचा धिक्कार करा. लेकराकडून बापाचा धिक्कार करून घेणारा हा ‘कुटुंबाचा धर्म’! सॉल्ट लेक सिटीत लोकांनी रांगा लावून राजीनामे दिले. हा नियम ईश्वरी प्रेरणेने आल्याचं जानेवारी 2016 मध्ये सांगितलं गेलं. एप्रिल 2019 मध्ये तोच नियम मागे घेतला गेला. देवाचं मत साडेतीन वर्षांत बदललं.

देवाचं मत बदलण्याची मॉर्मनांना सवय आहे, आणि आपल्या चळवळीने याच मुद्द्यावर बोट ठेवायला हवं. एकोणिसाव्या शतकात बहुपत्नीत्व हे त्यांच्याकडे दैवी विधान होतं. अमेरिकी सरकारने कायदे करून चर्चची मालमत्ता जप्त करायला घेतली आणि 1890 मध्ये विल्फर्ड वुड्रफ यांनी बहुपत्नीत्व सोडल्याचा जाहीरनामा काढला. सहा वर्षांनी युटाला राज्याचा दर्जा मिळाला. त्याहून मोठं उदाहरण काळ्या माणसांचं. एलायजा एबल या काळ्या माणसाला 1836 मध्येच या चर्चने पौरोहित्य दिलं होतं. पण 1852 मध्ये ब्रिगम यंगने काळ्या पुरुषांना पौरोहित्य नाही असं जाहीर केलं. पुढे काळ्या स्त्री-पुरुषांना मंदिरातल्या मुख्य विधींतूनही वगळलं. कारण काय दिलं? शापित वंश, पूर्वजन्मीची कमतरता. ऐकल्यासारखं वाटतं ना?

1969 मध्ये वायोमिंग विद्यापीठाच्या चौदा काळ्या फुटबॉलपटूंनी ब्रिगम यंग विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यात या बंदीच्या निषेधार्थ काळ्या फिती बांधायची इच्छा व्यक्त केली. प्रशिक्षकाने चौदाही जणांना संघातून काढलं. 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा ही बंदी चालूच होती. तिकडे ब्राझीलमध्ये चर्च वाढत होतं, साओ पाउलोत मंदिर बांधलं जात होतं, आणि तिथल्या मिश्र समाजात कुणाच्या रक्तात आफ्रिका किती हे ठरवणार कोण, असा पेच पडला. जून 1978 मध्ये बंदी उठली. उठवणारे चर्चचे अध्यक्ष कोण? तेच स्पेन्सर किंबॉल, 1969 च्या पुस्तकाचे लेखक. 2013 मध्ये चर्चने शापाचे ते जुने सिद्धांत आपण नाकारतो असं लेखी सांगून टाकलं. एक माणूस एका दाराचं कुलूप काढतो आणि दुसऱ्या दाराला आणखी एक घालतो. म्हणून समलिंगी माणसाला “हा सनातन नियम आहे, आमचा नाइलाज आहे” असं कुणी सांगितलं तर 1890 आणि 1978 ही दोन सालं पुढे ठेवायची.

“गोऱ्या, सुखवस्तू अमेरिकनांच्या दुःखाचं आपल्याला काय?” असं विचारणारे मित्र आहेत. प्रश्न चुकीचा नाही. युटातल्या गोऱ्या समलिंगी पुरुषाला जात सोसावी लागत नाही आणि त्याचं दुःख हे आपलंच दुःख असा आव मी आणणार नाही. पण धर्म, कुटुंब आणि लग्न यांची गाठ मारून माणसाला आत कसं कोंडतात, हे बाबासाहेबांनी 1916 च्या जातीवरच्या निबंधात दाखवलं. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावण्याने. लग्नावर ताबा म्हणजे माणसावर ताबा. मॉर्मन चर्च तीच किल्ली वेगळ्या कुलपाला लावतं.

आता चर्चची भाषा मऊ झाली आहे. आकर्षण असणं पाप नाही, त्यावर ‘वागणं’ पाप आहे. या, बसा, गाणी म्हणा, फक्त प्रेम करू नका, जन्मभर एकटे राहा. आणि मेल्यावर हे आकर्षणच उरणार नाही, असा दिलासाही धर्मनेत्यांनी दिलेला आहे. निराश पोराला ‘मेल्यावर बरा होशील’ सांगणं किती भयंकर आहे, हे यांना कळत नसेल? 2020 च्या फेब्रुवारीत ब्रिगम यंग विद्यापीठाने आचारसंहितेतून समलैंगिक वर्तनाचं कलम काढलं. पोरांनी आनंदाने एकमेकांना मिठ्या मारल्या. मार्चमध्ये पत्र आलं की समलिंगी प्रेमाचं वर्तन अजूनही चालणार नाही. ‘जातिभेद निर्मूलन’ मध्ये बाबासाहेबांनी सहभोजनवाल्यांना हेच सुनावलं होतं : पंगतीला बसवून जात जात नाही, मूळ लग्नाच्या बंधनात आणि त्याला पावित्र्य देणाऱ्या शास्त्रांत आहे. चर्चचं हे स्वागत म्हणजे शुद्ध सहभोजन.

टॉम ख्रिस्तॉफरसनचं उदाहरण यासाठी महत्त्वाचं. त्याचा सख्खा भाऊ 2025 पर्यंत चर्चच्या बारा सर्वोच्च धर्मगुरूंपैकी एक होता. टॉमने स्वतःहून चर्चचं सभासदत्व सोडलं आणि जवळपास वीस वर्षं आपल्या जोडीदारासोबत राहिला. त्याच्या आईबापांनी, भावांनी त्या जोडीदाराला घरातला माणूस मानलं. कनेक्टिकटमधल्या मंडळीनेही दोघांना प्रेमाने बसवलं. इतकं चांगलं वागणं फार थोड्यांच्या वाट्याला येतं. पण टॉमला पुन्हा सभासद व्हावंसं वाटलं तेव्हा त्या नात्यासह होता येणं शक्यच नव्हतं. नातं संपलं, मग बाप्तिस्मा झाला. 2017 मध्ये त्याने यावर पुस्तक लिहिलं आणि चर्चची माणसं ते कौतुकाने वाचतात. टॉमच्या निवडीचा मी आदर करतो. पण सगळ्यात प्रेमळ कुटुंब, सगळ्यात प्रेमळ मंडळी असूनही फाटकावर तोच टोल भरावा लागला, हे कौतुक करणारे बोलत नाहीत.

उलट टोकाला मायकल क्विन. मॉर्मन इतिहासाचा मोठा अभ्यासक. चर्चला नको असलेला इतिहास लिहिला म्हणून सप्टेंबर 1993 मध्ये त्याला बहिष्कृत केलं. 1996 मध्ये त्याने एकोणिसाव्या शतकातल्या मॉर्मनांमधल्या समलिंगी स्नेहसंबंधांवर ग्रंथ लिहिला आणि स्वतः समलिंगी असल्याचंही लपवलं नाही. चर्चने हाकललं, तरी 2021 मध्ये मरेपर्यंत तो स्वतःला श्रद्धावान मॉर्मन म्हणवत राहिला. आपल्याला हे विचित्र वाटेल. मला वाटत नाही. धर्मातली तत्त्वं आणि धर्माचे नियम यांतला भेद बाबासाहेबांनीच आपल्याला शिकवलाय. क्विनने नियमवाल्यांना तत्त्वांची मालकी द्यायला नकार दिला. कुणी 1977 पासून चालत आलेल्या ‘अफर्मेशन’ या समलिंगी मॉर्मनांच्या संघटनेत आपली वस्ती शोधली. कुणी सगळं सोडून चालते झाले. यांतल्या कुणालाही हिणवायचा अधिकार आपल्याला नाही.

जिथे गाठ खरोखर सैल झाली तिथे ती बहुतेक वेळा आईबापांनी केली. ‘मामा ड्रॅगन्स’ नावाचा मॉर्मन आयांचा गट उभा राहिला, आता त्यात इतर धर्मांच्या आयाही आहेत. या बायकांनी धर्मशास्त्राचा वाद मिटण्याची वाट पाहिली नाही. आधी पोरगा जिवंत राहू दे, स्वर्गाचं नंतर बघू, असा त्यांचा साधा हिशेब. चर्चने कुटुंब ओलीस ठेवलं होतं. आईने “माझ्या घरात कोण राहणार हे मी ठरवते” म्हटलं की ओलीस सुटतो.

म्हणूनच हा विषय मी आपल्या घरापर्यंत आणतोय. 1934 मध्ये र. धों. कर्व्यांवर ‘समाजस्वास्थ्य’ मधल्या लैंगिक प्रश्नोत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला. वाचकांच्या त्या प्रश्नांत समलैंगिकताही होती. मुंबई उच्च न्यायालयात कर्व्यांचं वकीलपत्र घेतलं ते बाबासाहेबांनी. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. त्यातून बाबासाहेबांना मतं मिळणार नव्हती, टाळ्याही नाहीत. 2018 मध्ये कलम 377 वरचा निकाल आला तेव्हा न्यायाधीशांनी ज्या संविधानिक नैतिकतेचा आधार घेतला, ती कुणाच्या भाषणातून आली हे आपण अभिमानाने सांगतो. आणि तरी विहारात कुणीतरी उठून पंचशीलातलं ‘कामेसु मिच्छाचार’ समलिंगी माणसावर फेकतो, बाकीचे मान हलवतात. दुसऱ्याची फसवणूक करू नका, दुसऱ्याला ओरबाडू नका, हे ते शील. दोन सज्ञान माणसांच्या राजीखुशीच्या प्रेमात कुणाची फसवणूक होते?

फसवणूक कुठे होते ते सांगतो. दरवर्षी शहराशहरांत बौद्ध वधू-वर परिचय मेळावे भरतात. पुस्तिका छापली जाते. शिक्षण, नोकरी, उंची, अपेक्षा. त्यात आपला एखादा समलिंगी पोरगाही असतो, आईच्या शपथेपोटी, बापाच्या दुखण्यापोटी त्याने फोटो दिलेला असतो. मेळाव्याच्या मंचावर बाबासाहेबांचा फोटो असतो, हार असतो. शेजारच्या पानावर ज्या मुलीचा फोटो छापलाय, तिला यातलं काहीच कुणी सांगितलेलं नसतं.